फॉरमॅट मारण्याआधी पडद्यावरची ओळ वाचा

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : ‘दोन प्रणालींचा संगणक सुरू होत नाही’ या प्रश्नाला पुरवणीत दिलेलं उत्तर

महोदय,

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं की, विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलेला त्याचा संगणक एका मोठ्या अपडेटनंतर सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच येतं, तर काय करावं? उत्तर दोन ओळींचं होतं. डिस्क फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका आणि यापुढे एका संगणकावर एकच प्रणाली ठेवा. उत्तर देणाऱ्यांनी उलट एकही प्रश्न विचारला नाही. निदान ‘त्याच्या वरच्या ओळीत काय लिहिलंय?’ एवढं तरी विचारायला हवं होतं. ग्रब रेस्क्यूच्या वर जवळजवळ नेहमी काय चुकलं ते सांगणारी एक ओळ असते आणि दुखणं कोणतं ते तीच सांगते.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक होते. अर्धा अभ्यासक्रम विंडोजवर, अर्धा लिनक्सवर, म्हणून प्रत्येक यंत्रावर दोन्ही प्रणाली. आणि दर सत्राच्या सुरुवातीला त्यांतली काही यंत्रं अडून बसलेली. दाराशी एक वही टांगलेली असे. यंत्र सुरू झालं नाही तर पडद्यावर दिसेल ते अक्षर न अक्षर वहीत उतरवायचं आणि मगच मला हाक मारायची, असा माझा दंडक होता. ‘चालत नाही’ एवढीच नोंद असली की मी ती खोडून मुलांना परत यंत्रापाशी पाठवायची. मुलं कुरकुरायची. पण त्या वहीमुळे यंत्राजवळ पोहोचण्याआधीच मला बहुतेक वेळा कळलेलं असे की, सोबत पेन ड्राइव्ह न्यायचा की नुसतं जाऊन एक कळ दाबायची. त्या अनुभवावर हे पत्र लिहिते आहे.

संगणक सुरू होणं म्हणजे चार जणांनी एकमेकांना पोहोचवलेला निरोप असतो. मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे तिथेच साठवलेला मूळ प्रोग्राम, आधी जागं होतं आणि बूटलोडरला शोधतं. बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल डिस्क, पडदा, कळफलक ताब्यात घेतो आणि शेवटी प्रणाली उभी राहते. निरोप कुणापाशी अडला हे शोधणं म्हणजेच निदान. अडलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच बोलतो, आपण फक्त बोलतंय कोण ते ओळखायचं. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ हे फर्मवेअरचं बोलणं. ‘ग्रब’ आणि ‘ग्रब रेस्क्यू’ हे बूटलोडरचं, ग्रब हे लिनक्सच्या बूटलोडरचं नाव. ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून पुढे कर्सर लुकलुकत असेल तर कर्नल आला आहे, पण त्याला लिनक्सचं मूळ पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) सापडत नाही किंवा ते वाचता येत नाही. ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ दिसलं तर निरोप जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत पोहोचलेला आहे. निळ्या पडद्यावर ‘०एक्ससी’ने सुरू होणारा आकडा आला की विंडोजचा बूट मॅनेजर बोलतोय, लिनक्सचा तिथे काही संबंध नाही. या प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. फॉरमॅट यातल्या एकाचाही पहिला इलाज नाही.

मोडलेली गोष्ट किती छोटी असते हेही लोकांना कळायला हवं. फर्मवेअरच्या दोन पद्धती आहेत, जुनी बायोस आणि नवी यूईएफआय. बायोस पद्धतीच्या यंत्रांत डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडचे, ६४ पार्टिशनच्या तक्त्याचे आणि उरलेले २ खुणेचे. अशा यंत्रावर विंडोज पुन्हा टाकलं की ते न विचारता त्या ४४६ बाइटांवर स्वतःचा कोड लिहितं. लिनक्स जागच्या जागीच असतं, त्याला हाक मारणारं मात्र कुणी उरत नाही. यूईएफआय पद्धतीत भांडण आणखी कमी, कारण फॅट३२ स्वरूपाचं एक छोटं वेगळं पार्टिशन असतं (विंडोजच्या इन्स्टॉलरने केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीचं), त्याला इएसपी म्हणतात, आणि त्यात विंडोज व लिनक्स आपापल्या फोल्डरात शेजारी-शेजारी नांदतात. आधी कुणाला उठवायचं हा क्रम मदरबोर्डवरच्या कायमच्या मेमरीत लिहिलेला असतो. तुमचे फोटो, हिशेब, प्रबंध यांपैकी काहीही त्या सेक्टरात नाही, इएसपीत नाही आणि त्या क्रमातही नाही. फॉरमॅट मात्र नेमका हा तुमचा ऐवजच पुसतं.

आता त्या वाचकाकडे वळते.

‘ग्रब रेस्क्यू’ म्हणजे बूटलोडर अर्धवट जागा झाला आहे. त्याचा गाभा मेमरीत आलाय, पण बाकीचे सुटे भाग, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, ते ज्या पार्टिशनवर असायला हवेत तिथे त्याला मिळालेले नाहीत. वरच्या ओळीत ‘नो सच पार्टिशन’ असेल तर बायोस पद्धतीच्या यंत्रात नेहमीचं कारण क्रमांकांचं असतं. गाभ्यात ‘माझं सामान पाचव्या पार्टिशनवर आहे’ असं कोरलेलं असतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून आधीचं एखादं लॉजिकल पार्टिशन पुसलं किंवा नवं केलं की पुढच्यांचे क्रमांक सरकतात आणि पाचवं सहावं होतं. काही मोठी अपडेटंसुद्धा दुरुस्तीसाठीचं आपलं पार्टिशन नव्याने बनवतात आणि तक्ता बदलून ठेवतात. लिनक्सचं पार्टिशन कुणी ‘विंडोजला न दिसणारी फुकटची जागा’ समजून पुसूनच टाकलं असेल, तर गोष्ट निराळी. म्हणून वाचकाला विचारायचा दुसरा प्रश्न : अपडेटच्या आसपास डिस्कच्या जागेत कुणी काही हलवाहलव केली होती का?

क्रमांक सरकला असेल तर इलाज त्या काळ्या पडद्यावरच होतो. (आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे, यंत्रावर त्या रोमन लहान अक्षरांत टंकायच्या.) आधी ‘एलएस’. यंत्र आपल्याला माहीत असलेली पार्टिशनं कंसात दाखवतं, ‘(एचडी०,एमएसडॉस१)’, ‘(एचडी०,एमएसडॉस६)’ अशी. मग एकेक घेऊन ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस६)/’ असं विचारत जायचं, शेवटची तिरकी रेघ विसरायची नाही. काही ठिकाणी ‘अननोन फाइलसिस्टिम’ असं उत्तर येतं आणि लोक इथेच हातपाय गाळतात. घाबरण्याचं कारण नाही. अर्धवट जागा बूटलोडर बहुधा फक्त लिनक्सची मांडणी वाचू शकतो, विंडोजचं धडधाकट पार्टिशनही त्याला अनोळखीच वाटतं. जिथे ‘बूट’, ‘ईटीसी’, ‘होम’ अशी फोल्डरं दिसतील ते आपलं पार्टिशन. मग ओळीने चार आज्ञा : ‘सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस६)’, ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब’, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. नेहमीची यादी समोर येते. हा इलाज एका वेळेपुरताच असतो. लिनक्समध्ये शिरल्यावर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ या दोन आज्ञा दिल्या की तो कायमचा होतो. ‘एसडीए’च्या जागी खरी डिस्क लिहायची आणि तिला पार्टिशनचा क्रमांक जोडायचा नाही.

वरची ओळ ‘सिम्बॉल ... नॉट फाउंड’ अशी असेल तर रोग अगदीच दुसरा. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, प्रमुख लिनक्स वितरणांनी घाईने दुरुस्तीची अपडेटं पाठवली आणि बऱ्याच यंत्रांवर ‘ग्रब_कॅलॉक’ हे नाव सापडत नाही असं सांगत बूटलोडर थांबला. कारण असं, की यंत्रात दोन डिस्क, अपडेटने नवा गाभा एका डिस्कवर लिहिला आणि फर्मवेअर मात्र दुसऱ्या डिस्कवरचा जुना गाभा उठवत होतं. जुना गाभा आणि नवी मॉड्यूल यांचं जमेना. ज्या डिस्कवरून यंत्र खरोखर सुरू होतं तिच्यावर ग्रब पुन्हा लिहिलं की प्रकरण मिटतं. आता सांगा, या दोन रुग्णांना ‘ग्रब रेस्क्यू आलं ना, मग फॉरमॅट’ असं एकच औषध कसं देणार?

नुसतं ‘ग्रब’ असं येऊन कर्सर थांबलेला असेल (‘रेस्क्यू’ शब्द नसेल) तर परिस्थिती बरीच बरी. इथे बूटलोडर पुरा जागा आहे, त्याला फक्त यादीची फाइल मिळालेली नाही. यूईएफआय यंत्रावर ‘एक्झिट’ टंकलं तर तो बाजूला होतो आणि फर्मवेअर पुढच्या प्रणालीकडे, म्हणजे बहुधा विंडोजकडे जातं. ज्याला उद्या सकाळी काही सादर करायचं आहे त्याला एवढंही पुरतं, दुरुस्ती नंतर सावकाश करता येते.

आणखी एक साधी गोष्ट. अपडेटनंतर थेट विंडोजच सुरू होतंय आणि लिनक्सची यादीच दिसत नाही अशी तक्रार असेल, तर यूईएफआय यंत्रात काहीच मोडलेलं नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नुसता क्रम बदललेला असतो. फर्मवेअरचं अपडेट झालं किंवा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपून सेटिंग मूळपदावर गेली की असं होतं. यंत्र चालू करताच बूट मेन्यूची कळ दाबावी : डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या बऱ्याच लॅपटॉपवर एस्केप. तिथे लिनक्सचं नाव दिसलं की निदान झालंच. ते निवडून आत जावं आणि ‘सुडो इएफआयबूटएमजीआर’ने क्रम पाहून ‘-ओ’ लावून तो बदलावा, किंवा फर्मवेअरच्या पडद्यावरच नाव वर सरकवावं. कळ हाती लागत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रिस्टार्ट करावं, ‘यूज अ डिव्हाइस’खाली तीच यादी मिळते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं काम इथेच संपतं, आणि ‘एवढंच?’ असा चेहरा करून ते जातात. त्यांतल्या काहींना आधी ‘डिस्क गेली’ असं सांगण्यात आलेलं होतं!

अपडेटमुळे खरोखर अडचण झाल्याचं ताजं उदाहरण ऑगस्ट २०२४ चं आहे. मायक्रोसॉफ्टच्या त्या महिन्याच्या सुरक्षा अपडेटने ग्रबच्या जुन्या, त्रुटी असलेल्या आवृत्त्यांना सिक्युअर बूटमध्ये (सही तपासलेलाच बूटलोडर सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) मज्जाव करणारा नियम फर्मवेअरमध्ये लिहिला. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना तो लागू होणार नाही असं सांगितलेलं होतं, पण पुष्कळ यंत्रांवर तो लागू झाला आणि लिनक्स सुरू करताना ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ आणि पुढे ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असं येऊ लागलं. मजकूर भयंकर, दुरुस्ती किरकोळ. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ ही आज्ञा द्यायची, एकदा रिस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्ये शिरायचं म्हणजे धोरण पुसलं जातं, लिनक्सची अपडेटं घ्यायची आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. ते बंदच ठेवून द्या असा सल्ला सर्रास मिळतो, मला तो पटत नाही. चोराने मागच्या दाराने शिरू नये म्हणूनच तो नियम आला होता.

पण सिक्युअर बूटला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे, आणि या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच समजावं. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर सिक्युअर बूट बदलल्यावर, कधी बूटचा क्रम बदलल्यावरही, पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर त्या डिस्कवरचा मजकूर कुणाच्याही बापाला उघडता येत नाही. ‘मी कधी बिटलॉकर लावलंच नाही’ असं लोक ठामपणे सांगतात. हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉगइन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. म्हणून आधी खात्यात जाऊन ती कागदावर उतरवून घ्या, विंडोज चालू असेल तर बिटलॉकर तेवढ्यापुरतं ‘सस्पेंड’ करा, आणि मगच फर्मवेअरमध्ये शिरा. बूटलोडर बिघडला तर परत लिहिता येतो. हरवलेली रिकव्हरी की परत लिहिता येत नाही.

दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हबद्दलही एक खाचखळगा. बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा ‘यूईएफआय’ असं आधी लावून. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेलं असेल तर दुसराच निवडायचा. पहिल्याने सुरू केलं तर दुरुस्ती जुन्या पद्धतीची होते आणि यंत्र आधीपेक्षा गोंधळतं. विंडोज कोणत्या पद्धतीचं आहे ते ‘एमएसइन्फो३२’मध्ये ‘बायोस मोड’समोर दिसतं, लिनक्समध्ये ‘/सिस/फर्मवेअर/इएफआय’ हे फोल्डर असेल तर चालू सत्र यूईएफआय आहे. दोन प्रणाली दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाकलेल्या असल्या तर त्या एकमेकींना ग्रबच्या यादीतून उठवू शकत नाहीत, आणि अशा यंत्रांवर लोक डोकं फोडत बसतात.

बाजारात ‘एक बटन दाबा, बूट दुरुस्त’ अशी साधनं आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. पण बटन दाबण्याआधी त्यांच्याकडून सद्यःस्थितीचा अहवाल बनवून घ्यावा आणि दुसऱ्या यंत्रावर जपून ठेवावा. साधनाने काम बिघडवलं तर पूर्वी काय होतं ते कळायला तेवढाच आधार. विंडोजच्या बाजूलाही तसंच. ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ ही आज्ञा प्रत्येक जण सांगतो. बायोस यंत्रावर ती विंडोजला वाचवते पण ग्रब पुसते, आणि यूईएफआय यंत्रावर तिचा काही उपयोगच नाही. तिथे विंडोजचा बूट मॅनेजर परत बसवायचा तर ‘बीसीडीबूट सी:\विंडोज’ हवं. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून विंडोजचं फोल्डर खरंच ‘सी’वर दिसतंय ना ते ‘डीआयआर’ने बघून मग आज्ञा द्यावी.

आता ज्याला लोक बूटचा बिघाड म्हणतात पण जो नसतो, असा एक प्रकार. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ मुळातच चालू असतं. शट डाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही; कर्नलची अवस्था डिस्कवर गोठवून झोपतं. मग लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं, किंवा फक्त वाचू देतं, आणि बरोबरच करतं, कारण झोपलेल्या विंडोजच्या पार्टिशनवर लिहिलं तर उठल्यावर त्याचा हिशेब जुळत नाही आणि फाइली खराब होतात. दोन प्रणाली वापरणाऱ्याने विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा एकदा देऊन ठेवावी. गंमत म्हणजे रिस्टार्ट केल्यावर विंडोज पूर्ण बंद होऊन सुरू होतं, शट डाउन केल्यावर होत नाही. ‘बंद करून चालू केलं तरी तेच’ असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण इथे फसलेले असतात.

यातलाच भाऊबंद म्हणजे दोन्हींकडून वापरायचं सामायिक पार्टिशन. विंडोजमधून ते फॉरमॅट केलं की त्याची ओळख, म्हणजे यूयूआयडी, बदलते. लिनक्सच्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये जुनीच ओळख लिहिलेली असते. लिनक्स सुरू होताना दीड मिनिट त्याची वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. माणसाला वाटतं लिनक्स कोसळलं. ‘सुडो बीएलकेआयडी’ने नवी ओळख पाहायची, त्या ओळीत बदलायची, आणि पुढे ‘नोफेल’ हा शब्द घालून ठेवायचा म्हणजे पुन्हा तसं झालं तरी यंत्र अडत नाही. प्रयोगशाळेत सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात वहीत हीच नोंद सर्वाधिक असायची. जागा कमी पडते म्हणून कुणीतरी सामायिक पार्टिशन साफ करून मोकळं होई.

ग्रबच्या यादीतून विंडोजच गायब झालं, ही उलटी तक्रारही नेहमीची. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद असतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ मोठ्या अक्षरांत लिहून (शेवटचा शब्द मात्र लहान अक्षरांत) ‘अपडेट-ग्रब’ दिलं की विंडोज यादीत परत येतं.

घड्याळ एका प्रणालीत बरोबर आणि दुसरीत चुकीचं दिसत असेल तर तो बिघाडच नाही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ धरतं. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ने दोघांचं एकमत होतं.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती पाहिली आणि तिचे सेक्टर खराब होत चालले असल्याचं दिसलं, तर कोणत्याही बूट-दुरुस्तीत वेळ घालवू नये. तेव्हाही फॉरमॅटच्या आधी त्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून घ्यायची. पार्टिशनचा तक्ताच उडाला असेल तर ‘टेस्टडिस्क’ नावाचं मोफत साधन हरवलेली पार्टिशनं शोधून तक्ता परत लिहितं, मात्र तोवर डिस्कवर नवं काहीही लिहिलेलं नसावं. ‘विंडोज नव्याने टाकून पाहा’ हा सल्ला पाळणाऱ्याने नेमका तोच रस्ता बंद करून घेतलेला असतो.

राहता राहिलं उत्तरातलं दुसरं वाक्य, की एकाच यंत्रावर दोन प्रणाली ठेवू नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत यंत्रं बाद ठरली. हिशेबाचं किंवा यंत्रजोडणीचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं म्हणून ती एक खोली जपून ठेवायची आणि बाकी कामाला लिनक्स वापरायचं, हा अशा माणसांनी विचार करून काढलेला मार्ग आहे. त्यांना ‘हौस आवरा’ असं सांगण्यापेक्षा ‘जमल्यास दुसरी डिस्क लावा’ असं सांगावं. लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवावी, म्हणजे दोघांचं इएसपी आपापल्या डिस्कवर राहतं आणि निवड बूट मेन्यूतून करता येते. लॅपटॉपमध्ये एकच डिस्क मावत असेल तर एका डिस्कवर दोघंही नीट राहतात, फक्त पार्टिशन लहान-मोठं करायचं काम विंडोजचं असेल तर विंडोजमधून आणि लिनक्सचं असेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून करावं.

प्रश्नोत्तरांच्या सदराला माझी सूचना एवढीच. संगणक सुरू न होण्याचा प्रश्न पाठवणाऱ्यांकडून तीन गोष्टी मागून घ्या : पडद्याचा वरपासून खालपर्यंत स्पष्ट फोटो, यंत्र बायोस पद्धतीचं की यूईएफआय, आणि बंद पडण्याआधी शेवटचं काय बदललं. त्या वाचकाने अजून फॉरमॅट केलं नसेल तर हे त्यालाही कळवावं.

पत्र लांबलं याची मला कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करायची असेल तर घड्याळाचा परिच्छेद खुशाल काढा, ओएस-प्रोबरचाही काढा. बिटलॉकरच्या परिच्छेदाला कात्री लावू नका. आणि पानं लावणाऱ्यांना एक विनंती : ‘मोकयूटिल’च्या आज्ञेत ‘सेट’च्या आधी दोन छोट्या आडव्या रेघा आहेत. पान लावताना सॉफ्टवेअर त्यांची मिळून एक लांब रेघ करतं. तशी छापली गेली तर वाचक ती तशीच टंकेल आणि आज्ञा चालणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक